दुडकी नको, रवाल हवी!

माथेरानला किंवा महाबळेश्वरला घोड्यावर बसला असाल, तर हा अनुभव आलाच असेल. घोडा नुसता चालतोय तोवर मस्त वाटतं. मग घोडेवाला विचारतो, "थोडा पळवू का?" रीलसाठी तुम्ही हो म्हणता, आणि पुढची दोन मिनिटं खोगीर तुम्हाला खालून आपटत राहतं. ही दुडकी चाल. यात चूक तुमची नाही आणि घोड्याचीही नाही. दुडकीत घोडा पुढचा डावा आणि मागचा उजवा असे तिरके पाय जोडीनं टाकतो. दोन जोड्यांच्या मध्ये क्षणभर चारही पाय हवेत असतात. तो खाली आला की धक्का थेट तुमच्या कण्याला. म्हणून तर रायडिंग स्कूलमध्ये पहिल्यांदा तालावर उठा-बसायला शिकवतात.

पण काही घोडे दुडकीच्या भानगडीत न पडता वेग घेतात. चारही पाय सुटे, एकामागोमाग एक पडतात आणि एक तरी पाय कायम जमिनीवर असतो. त्यामुळे पाठ उसळत नाही. डोळे मिटून ऐकलंत तरी फरक कळेल : दुडकीचे दोन ठोके, इथे सलग चार. आपल्याकडे हिला रवाल किंवा रेवाल म्हणतात. मारवाडी घोडे तिच्यासाठी प्रसिद्ध आहेत. (उंटासारखे एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकणारेही घोडे असतात, पण त्यावर माणूस डावीउजवीकडे झुलतो. ती चाल वेगळी.)

आइसलँडमध्ये अशाच चालीला टोल्ट म्हणतात. तिथले लोक चक्क बिअरनं भरलेला मग हातात धरून घोडा पळवतात. ज्याची कमी सांडेल तो जिंकला! आपण उसाच्या रसावर ट्राय करायला हरकत नाही.

ही चाल येते कुठून? २०१२मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं, की डीएमआरटी-३ या जनुकातल्या एका छोट्या बदलाचा अशा चालींशी संबंध आहे. मज्जारज्जूतल्या ज्या पेशी पायांचा ताल जमवतात, त्यांच्यावर या जनुकाचा परिणाम होतो. म्हणजे घोड्याला ही देणगी बरीचशी जन्मतःच मिळते. शिकवणारा ती फक्त घोटून घेतो.

गडबड होते ती इथे. अमेरिकेतला टेनेसी वॉकिंग हॉर्स घ्या. दिवसभर शेतमळ्यांतून फिरणाऱ्या मालकांना त्रास होऊ नये म्हणून ही जात तयार झाली. मागचा पाय पुढच्याच्या ठशाच्याही पुढे टाकत, मान डोलवत तो सरकतो. पण पुढे शोमध्ये पुढचे पाय अचाट उंच उचलणाऱ्या घोड्याला बक्षिसं मिळायला लागली. मग काही ट्रेनरनी खुराच्या वरच्या कातडीला जळजळणारी रसायनं चोळली, त्यावर साखळ्या बांधल्या. पाय टेकला की आग होते, म्हणून घोडा तो झटकन वर घेतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. हे थांबवायला तिथे १९७०मध्ये कायदा झाला, तरी प्रकार पुरता संपलेला नाही. स्वाराला त्रास होऊ नये म्हणून घडवलेला घोडा, आणि सगळा त्रास त्याच्याच पायांना. मला तरी हे पचत नाही.

आता आपल्याकडे या. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून यात्रा भरते, आणि तिथला घोडेबाजार देशभर माहीत आहे. तिथे घोड्याचा रंग, उंची यांच्यासोबत चालही बघतात. डिसेंबरमध्ये ग्रुपनं जाणार असाल तर फोटो काढून लगेच पुढे सरकू नका. मालक घोडा चालवून दाखवत असेल तेव्हा स्वाराचं डोकं बघा, ते वरखाली होतंय का. मग चार ठोके ऐका. आणि तेवढ्यातच जरा वाकून खुरांच्या वर नजर टाका : कुठे व्रण, सूज किंवा केस गेलेली जागा दिसतेय का. दिसली, तर चाल कितीही मऊ असो, मालकाला विचारा ती कशानं झाली.