दिसले नाही, तेही लिहा

वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, महाराष्ट्रातल्या अनेक अभयारण्यांत एक वेगळे जागरण असते. पाणवठ्याशेजारच्या झाडावर मचाण बांधलेले असते. वनखात्याचा एक माणूस आणि बाहेरून आलेला एक स्वयंसेवक असे दोघे त्यावर सकाळी चढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतात. मधल्या चोवीस तासांत पाण्यावर जो जो प्राणी येईल, त्याची नोंद करायची एवढेच काम. पूर्वी याला पाणवठ्यावरची प्राणिगणना म्हणत. आता वनविभाग ‘निसर्गानुभव’ म्हणतो.

या कामासाठी मी काही उन्हाळे जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात गेलो आहे. परत आलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “वाघ दिसला का?” नाही म्हटले की दुसरा, “मग बिबट्या तरी?” त्यालाही नकार दिला की समोरचा माणूस चहाकडे वळतो.

त्याला दोष देता येत नाही. अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टीव्हीवरची आफ्रिका येते. तिथल्या सेरेंगेटीच्या गवताळ मैदानात दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट दरवर्षी स्थलांतर करतात, त्यांच्या मागे सिंह असतात आणि हे सारे भरदिवसा मोकळ्यावर चालते. जगभरातले तरुण पदरचे पैसे भरून अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून जातात. सातपुड्याचा कारभार मात्र निराळा. हे साग, सालई, धावडा, अंजन यांचे पानगळीचे जंगल. इथले बरेच प्राणी एकेकटे किंवा दोन-चारच्या गटाने राहतात. शिवाय माणसाच्या वावराला बुजून त्यांतल्या पुष्कळांनी रात्रपाळी धरलेली आहे. तेव्हा इथे दिसणे हा अपवाद आणि न दिसणे हा नियम. हा नियम समजून घेतल्याशिवाय आपल्या जंगलातले काम समजत नाही.

सावदा, खिरोदा मागे टाकून पालच्या रस्त्याला लागले की तासाभरात चित्र पालटते. खाली केळीच्या बागांचा हिरवागार पट्टा, तर वर मे महिन्यातला भुरा, निष्पर्ण डोंगर. या डोंगरात १९६९ साली यावल अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्रफळ सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटर. सुकी नदी याच रानातून उतरते. याच सातपुड्यात पश्चिमेकडे, धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, अनेर धरणाचे अभयारण्य आहे. ते १९८६ चे. पावरा, तडवी, भिल्ल या समाजांची वस्ती या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

खालचा हिरवा पट्टा आणि वरचा भुरा डोंगर यांचे नाते पाण्याचे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळू यांचा एक जाड थर पसरलेला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला ‘बझाडा’ म्हणतात. डोंगरातून उतरणाऱ्या नाल्यांचे पाणी या थरात मुरते आणि रावेर-यावलच्या विहिरींना मिळते. वरचे रान उघडे पडले की पाऊस मुरण्याऐवजी माती घेऊन धावत सुटतो. म्हणून अस्वल-सांबरांच्या हालहवालाशी आपला संबंध काय, असे केळीवाल्या शेतकऱ्याने म्हणू नये.

गणनेसाठी वैशाखच का, याचे कारण साधे आहे. खानदेशात तेव्हा पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो. नाले कोरडे पडतात आणि पाणी मोजक्या जागी उरते. काही डोह नैसर्गिक, तर काही पाणवठे वनविभागाने बांधलेले. अशा दिवसांत बहुतेक मोठ्या प्राण्यांना चोवीस तासांत एकदा तरी पाण्यावर यावे लागते. पानेही गळालेली असल्याने नजर लांबवर पोचते आणि पौर्णिमेचा चंद्र मावळतीपासून उगवतीपर्यंत उजेड देतो. मात्र आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडला, तर सारा बेत फसतो, कारण मग खळग्याखळग्यांत पाणी साचते आणि प्राण्यांना पाणवठ्यावर यायची गरजच उरत नाही.

मचाणावरचे नियम थोडे, पण कडक. कपडे खाकी किंवा मेंदी रंगाचे हवेत, पांढरे किंवा भडक चालत नाहीत. अत्तर, सुगंधी तेल वर्ज्य. बोलायचे ते खुणेने. विजेरी लावायची नाही. शिदोरीत कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि भरपूर पाणी. फोडणीचे, वासाचे काही न्यायचे नाही. प्राण्यांचे सारे व्यवहार नाकावर चालतात आणि वारा आपल्याकडून पाण्याकडे वाहत असला, तर आपण आलो आहोत हे साऱ्या खोऱ्याला कळते. म्हणून मचाणाची जागा वाऱ्याची दिशा पाहून ठरवतात.

माझ्याबरोबर एकदा एक पावरा वनमजूर होते. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. मी त्यांना दादा म्हणत होतो आणि ते मला सर. वर चढल्यावर त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, “सर, डोळ्यानं दिसलं ते एकीकडं लिवा. कानानं आयकलं ते येगळं लिवा. दोन्ही एकात घालू नका.” चोवीस तासांत त्यांनी मला दिलेली सूचना ही एवढीच.

सकाळचे तीन-चार तास पाखरांचे. मग ऊन चढते आणि रान निपचित पडते. दुपारी वानरांची टोळी पाण्यावर आली. एक थोराड नर उंचावर बसून राहिला आणि बाकीच्यांनी पाळीपाळीने पाणी प्यायले. हा पहारा आपल्यालाही उपयोगी असतो. बिबट्या वानराच्या नजरेला पडला, की त्याचा खोकल्यासारखा खाकरा सुरू होतो. उन्हे कलल्यावर लांडोरी आल्या. संधिप्रकाशात एक चौसिंगा आला. जगात एवढा एकच रानटी प्राणी आहे, की ज्याच्या नराला चार शिंगे असतात. हे इवलेसे हरीण पाण्याला तोंड लावायच्या आधी बराच वेळ नुसते उभे राहिले. एक पाय उचलून, कान फिरवत. प्यायले असेल मिनिटभर.

चंद्र वर आला तशी सावल्यांची गर्दी झाली. अशा वेळी प्रत्येक झुडूप हलल्यासारखे वाटते. रातवा पक्ष्याचा ठोक्यासारखा आवाज सुरू झाला. अकराच्या सुमारास नाल्याच्या वरच्या अंगाने लाकडावर करवत ओढावी तसा आवाज चार-पाच वेळा आला. दादांनी दोन बोटे कानाला लावली आणि ओठांनी नुसतेच ‘बिबट्या’ म्हटले. अर्धा तास आम्ही हललो नाही. तो आला नाही. मी ऐकलेल्या नोंदींच्या रकान्यात वेळ आणि दिशा लिहिली. पाहिलेल्यांचा रकाना तसाच राहिला.

दोन वाजून दहा मिनिटांनी पाचोळा चुरडत, फुरफुर करत अस्वल आले. चोरपावलांनी येणे त्याच्या स्वभावात नाही. पाणी पिण्याचा लपालपा आवाज मचाणापर्यंत स्पष्ट येत होता. सहा मिनिटे थांबून ते उत्तरेला निघून गेले. तक्त्यात एक ओळ भरली, ती अशी : अस्वल, एक, दोन दहा ते दोन सोळा, उत्तरेकडे गेले.

ही वेळ आणि दिशा कशासाठी, ते दुसऱ्या दिवशी कळते. सकाळी सगळे स्वयंसेवक विश्रामगृहावर जमले आणि तक्ते एकमेकांशेजारी ठेवले गेले. आमच्या उत्तरेच्या पाणवठ्यावर साडेतीनला दक्षिणेकडून एक अस्वल आले होते. बहुधा तेच. वेळ लिहिली नसती, तर एका अस्वलाची दोन झाली असती. या पद्धतीच्या मर्यादा इथेच दिसतात. एकच प्राणी दोनदा मोजला जातो, तर चिंकाऱ्यासारखा पाण्याशिवाय बराच काळ काढणारा प्राणी मोजणीत येतच नाही. म्हणून पाणवठ्यावरच्या एका रात्रीतून प्राण्यांची खरी संख्या निघत नाही. दरवर्षी त्याच जागी, त्याच रीतीने नोंदी होत गेल्या, तर निदान कल कळतो.

त्या सकाळी एका मचाणाच्या तक्त्यावर वन्यप्राणी म्हणून काहीच नव्हते. खाली फक्त लिहिले होते, ‘गुरे ४३, कुत्री २’. ते मचाण सांभाळणारा कॉलेजचा मुलगा हिरमुसला होता. पण तिथल्या अधिकाऱ्यांनी सर्वांत जास्त वेळ त्याच तक्त्याला दिला. गुरे किती वाजता आली, कुठल्या बाजूने आली, कुत्री त्यांच्याबरोबर होती की वेगळी, हे त्यांनी खोदून विचारले. बिबट्या दिसल्याची नोंद त्यांना नवे काही सांगत नव्हती, तो तिथे आहे हे ठाऊकच होते. एका पाणवठ्यावर रानातले कोणी फिरकत नाही, ही बातमी मात्र महत्त्वाची होती. त्या मुलाने लाज वाटून एखादे सांबर घुसडले असते, तर ती बातमी बुडाली असती.

खोट्या नोंदीने काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या खानदेशातलेच आहे. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे, जेमतेम २३ सेंटिमीटरचे. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे मोठे पक्षिशास्त्रज्ञही होते. त्यांनी १८७३ साली या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागात त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर तो कोणाच्या दृष्टीस पडल्याची खात्रीलायक नोंद नव्हती. अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीजवळ आपल्याला तो मिळाल्याचे सांगितले होते. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणकारांनी नंतर शोध घेतला, तो व्यर्थ गेला. या चुकीच्या पत्त्याचाही त्यात वाटा होता.

अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले जुने नमुने बारकाईने तपासले. तेव्हा कर्नलसाहेबांचा नमुना मुळात डेव्हिडसनचाच निघाला. तो संग्रहालयातून पळवून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. ती नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या खऱ्या ठिकाणांवर गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, भर सकाळच्या उन्हात, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी एका झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

हा पक्षी दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो, सरडे आणि उंदीर टिपतो. आपल्या घराजवळच्या ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे असते आणि पायांवर दाट पिसे असतात. फरक एवढाच, पण तो पाहायची सवय लागल्यावर नोंदी वाढत गेल्या. मेळघाट, मध्य प्रदेशातले खंडवा, आपले यावल, ठाणे जिल्ह्यातले तानसा आणि गुजरातेतले डांग अशा ठिकाणी तो आढळला. २०१८ साली जागतिक यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले गेले. जंगलतोड आणि घुबडांविषयीच्या अंधश्रद्धा यांचा धोका अजून आहेच.

खोट्या नोंदीची दुसरी बाजू राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पाने दाखवली. तिथे कागदावर वाघ होते. २००५ साली नीट तपास झाला, तेव्हा एकही उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर देशभर ठशांवरून वाघ मोजण्याची जुनी रीत मागे पडली. कॅमेरे आणि नमुना-पाहणी यांवर आधारलेली पद्धत २००६ पासून आली आणि देशातला पहिला अंदाज १,४११ वाघांचा निघाला. त्याआधी सांगितल्या जाणाऱ्या आकड्यापेक्षा तो फारच कमी होता. लोकांना धक्का बसला. पण उपाय सुरू झाले ते या कडू आकड्यानंतरच.

एकीकडे असलेला पक्षी चुकीच्या पत्त्यामुळे सापडत नव्हता. दुसरीकडे नसलेले वाघ कागदावर जगत होते. दोन्हीकडे नडली ती माणसाची नोंद. म्हणून मचाणावर जायला फार विद्वत्ता लागत नाही, पण एक गोष्ट लागते. आपल्याला काय दिसावेसे वाटत होते, ते वहीत उतरू न देण्याची.

ज्यांना हे काम करून पाहायचे असेल, त्यांनी एप्रिलमध्येच जवळच्या वन्यजीव कार्यालयात चौकशी करावी. जागा थोड्या असतात. तब्येत उन्हाला सोसणारी हवी आणि चोवीस तास गप्प बसण्याची तयारी हवी. ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांनी आपल्या गावच्या तळ्यावर किंवा शेताच्या बांधावर महिन्यातून एक ठरलेली सकाळ तासभर बसावे आणि काय आले, किती वाजता आले, ते वहीत टिपावे. एखाद्या सकाळी काहीच आले नाही, तर पान मोकळे सोडू नये. तारीख टाकून खाली लिहावे, ‘काही नाही’. दहा वर्षांनी कोणी अभ्यासू ती वही चाळायला बसला, तर त्या ओळीचाही त्याला उपयोग होईल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)