आईच्या बचत गटाचं चिन्ह

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात गेलात तर क्रेटांकडे नीट बघा. एकावर एक थप्प्या लागलेल्या असतात आणि कितीतरी क्रेटांवर रंगाने काहीतरी लिहिलेलं असतं. कुठे नावाची दोन अक्षरं, कुठे गावाचं नाव. आपला क्रेट दुसऱ्याच्या गाडीत जाऊ नये म्हणून ही खूण. आपली वस्तू आपली म्हणून ओळखू यावी, एवढंच खुणेचं काम. दिसायला सोपं, पण तेवढ्याचसाठी आमच्या आईच्या बचत गटाची दोन वर्षं कशी धांदल उडाली ते मी सांगणार आहे. पालक मंडळींनीही वाचावं, कारण आता गावोगावी गट झाले आहेत.

आमचं घर आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. आईच्या गटात दहा जणी आहेत. महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये जमा करतात. उन्हाळ्यात त्या नाचणीचे पापड करतात आणि घोडेगावच्या बाजारात विकतात. एकदा पुण्याच्या प्रदर्शनात जागा मिळाली. तिथे पिशवीवर गटाचा लोगो पाहिजे असं कळलं. लोगो म्हणजे बोधचिन्ह. मग एका ओळखीच्या मुलाने कॉम्प्युटरवरून दहा मिनिटांत एक हिरवं पान काढून दिलं. पैसे काही घेतले नाहीत. सगळ्या जणी खूश!

प्रदर्शनात दुसऱ्याच दिवशी समोरच्या ओळीतल्या बाई आल्या. त्यांच्या मसाल्याच्या पुडीवर तेच पान, तस्संच. त्या म्हणाल्या, “अहो, आमचं चिन्ह तुम्ही कसं घेतलं?” आईला काय बोलावं सुचेना. त्यांनाही कुणीतरी ते पान तसंच उतरवून दिलेलं होतं, हे नंतर कळलं. पण तोपर्यंत चार गिऱ्हाइकांनी ऐकलं होतं. उरलेले पापड आई चिन्हाची चिठ्ठी काढून विकत बसली. घरी आल्यावर ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी ठरलं, की चिन्ह चित्रकाराकडूनच काढून घ्यायचं. मंचरला एक दादा आहेत. ते कुठल्या कंपनीत नोकरी करत नाहीत, ज्याचं काम येईल त्याचं करून देतात. अशा माणसाला फ्रीलान्स म्हणतात. आई, माझी आत्या आणि मी गेलो. आजीही हट्टाने आली.

मला वाटलं, ते लगेच चित्र काढायला घेतील. पण त्यांनी वही उघडली आणि प्रश्नच विचारायला लागले. काय विकता? कोण घेतं? चिन्ह कुठे कुठे लावणार? किती रंगांत छापायला परवडेल? दुसऱ्याच्या पापडापेक्षा तुमच्या पापडात वेगळं काय? शेवटच्या प्रश्नाला आत्या म्हणाली, “आमचा चांगला असतो.” दादा म्हणाले, “ताई, सगळेच तसं सांगतात.” आत्याला राग आला.

चिन्हात काय पाहिजे याची यादी गटाने आधीच केली होती. भीमाशंकरचं देऊळ, शिवनेरी, धरण, नाचणीचं कणीस, लाटणं, दहा बाया आणि उगवता सूर्य. जुन्नरचं माहेर असलेल्या एका काकूंनी तर महाराजांचं चित्रच टाका म्हणून निरोप दिला होता. दादांनी हुज्जत घातली नाही. यादीतलं सगळं त्यांनी दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गोलात काढून दाखवलं. मुंग्यांचं वारूळ दिसत होतं! आजी म्हणाली, “यातलं धरण कंचं?” आम्ही सगळे हसलो.

महाराजांचं चित्र मात्र त्यांनी काढलंच नाही. १९५० सालचा एक कायदा आहे. काही नावं आणि चित्रं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्याच्या खुणेत वापरता येत नाहीत. त्या यादीत महात्मा गांधी आणि पंडित नेहरू आहेत, तसंच छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आहे. शिवनेरीच्या मुलखात राहून हे आम्हाला माहीत नव्हतं. मग दादांनी मोबाइलवर नौदलाचा ध्वज दाखवला. २ सप्टेंबर २०२२ पासून नौदलाने नवा ध्वज घेतला, त्यात निळा अष्टकोन आहे. तो महाराजांच्या राजमुद्रेच्या आकारावरून घेतला. महाराजांचं चित्र नाही, नुसता आकार, तरी जाणणाऱ्याला कळतं.

आईच्या हातात गटाचं पासबुक होतं. दादा म्हणाले, “हेच बघा ना.” स्टेट बँकेचं चिन्ह म्हणजे निळा गोल, मध्ये बारीक पांढरं भोक आणि त्यातून खाली गेलेली रेघ. कुलपाच्या भोकासारखं दिसतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी ते १९७१ साली केलं. त्यात पैसा नाही, तिजोरी नाही, तरी माझ्या आजीला, जिला वाचता येत नाही, लांबून पाटी बघून बँक ओळखता येते. रुपयाचं ₹ हे चिन्हही असंच. त्यासाठी सरकारने स्पर्धा ठेवली होती, तीन हजारांवर चित्रं आली. मुंबईच्या आयआयटीतल्या डी. उदय कुमार यांचं चिन्ह १५ जुलै २०१० रोजी मंजूर झालं. आपला ‘र’ आणि इंग्रजी ‘आर’ दोन्ही त्यात बसले आहेत. एकदा काढून बघा.

आता पैशाची गोष्ट. दादांनी तीन हजार सांगितले. आत्या म्हणाली, “एवढ्याशा चित्राला?” तीन हजार म्हणजे गटाची तीन महिन्यांची बचत, त्यामुळे तिचंही खोटं नव्हतं. पण दादांनी सगळं कागदावर मांडलं. अर्धे आधी, अर्धे काम पुरं झाल्यावर. तीन कच्ची चित्रं दाखवणार. पसंत पडेल त्यात दोनदा फेरफार, त्याच्या पुढे वेगळे पैसे. शेवटी चित्र दोन प्रकारे देणार, एक नेहमीच्या फोटोसारखं आणि एक रेघांचं. फोटो फार मोठा केला की त्यात चौकोन चौकोन दिसतात. दुसऱ्या प्रकारात रेघ कुठून कुठे जाते याचा हिशेब साठवलेला असतो, म्हणून ते चिठ्ठीवर छापा की टेम्पोच्या पाठीवर, फुटत नाही.

कागदावरचं शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते दादांनी स्वतः होऊन सांगितलं हे मला फार आवडलं. पैसे दिले म्हणून चित्र आपलं झालं असं आपण समजतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्र काम करणाऱ्या चित्रकाराने काढलेल्या चिन्हाचा हक्क, त्याने लिहून दिल्याशिवाय, साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. लिहून देतानाही किती वर्षांसाठी ते घातलं नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. म्हणून आईने ‘कायमचा’ हा शब्द घालून घेतला आणि खाली दोघांच्या सह्या झाल्या. हक्क लिहून घेतला, पण ट्रेडमार्कची नोंदणी वेगळी असते. ती दहा वर्षं चालते आणि पुढे वाढवता येते. ती गटाने अजून केलेली नाही.

चिन्ह काय झालं ते सांगायचं राहिलंच. आम्ही निघताना आजी बाकावरून उठता उठता सहज म्हणाली, “नाचणीचं कणीस म्हंजी मूठच की. कापाया गेलं की बोटं धरल्यावाणी वाटतं.” दादांनी तिला परत खाली बसवलं आणि चहा मागवला. नाचणीचं कणीस तुम्ही पाहिलंच असेल, टोकाला आत वळलेल्या बोटांसारखं असतं. पंधरा दिवसांनी तीन चित्रं आली. दोन बरी होती. तिसऱ्यात पाच बोटांचा हात होता, आणि तोच हात म्हणजे कणीस. खाली देठाच्या जागी मनगट आणि त्यात एक बांगडी. बांगडी आईने सुचवली, फेरफार क्रमांक एक. फेरफार क्रमांक दोन आम्ही वापरलाच नाही.

एका रंगात छापून बघितलं, नाण्याएवढं करूनही बघितलं. कळतं. आता त्याचा रबरी शिक्का केला आहे, म्हणजे कागदी पिशवीवर छापखान्याचा खर्च नाही. पहिला ठसा कोणी उमटवायचा यावर थोडी ओढाताण झाली. शेवटी तो आत्याने उमटवला, जिने एवढ्याशा चित्राला तीन हजार का म्हणून विचारलं होतं.

तोच ठसा खाली डाव्या कोपऱ्यात चिकटवला आहे. शाई जास्त झाल्यामुळे करंगळी जरा फिसकटली आहे.