चूल एक की दोन?

२०११ च्या फेब्रुवारीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या उसाच्या एका गावात मी प्रगणक होतो. शाळा सुटली की खांद्याला पिशवी अडकवून शिरगणतीला निघायचं. अनुसूचीत २९ प्रश्न. ते काही अवघड नव्हते. खरा घोळ त्यांच्याआधीच व्हायचा : या घरातली माणसं म्हणून धरायचं कुणाला?

पहिल्याच दिवशी एका वाड्यात अडकलो. भाऊ दोन, उंबरा एक. थोरला म्हणाला, "आमचं सगळं एकत्रच हाय, मास्तर. एकच कुटुंब लिवा." आत डोकावलो तर स्वयंपाकघराच्या मधोमध कपाट आडवं लावलेलं, अलीकडं एक शेगडी, पलीकडं दुसरी. जनगणना नातं बघत नाही की सातबारा बघत नाही. एकत्र राहणारी आणि एका चुलीवरचं जेवणारी माणसं ते कुटुंब. कामापायी कुणी बाहेर जेवत असेल तर तेवढी सूट. मी विचारलं, "आई कुणाकडं जेवतात?" दोघंही गप्प. म्हातारीच बोलली, "धाकट्याकडं. थोरलीच्या हातचं तिखट सोसंना."

कुटुंबं दोन झाली. थोरल्याला वाटलं, सरकारनंच वाटणी लावली! मग त्याला समजावलं : जनगणना कायदा १९४८ चा, त्याचं पंधरावं कलम असं की या नोंदी कुणाला बघायला मिळत नाहीत आणि वाटणीच्या दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. तेव्हा कुठं चहा आला. दोन्ही चुलींवरचा.

उलटाही प्रकार असतो. एका खोलीतली चार पोरं हातानं रांधून एकत्र जेवत असली, तर नात्यागोत्याची नसूनही ते एक कुटुंब. तीच चौघं चार ठिकाणी डबा खात असली तर कुटुंबं चार.

दुसरी कसोटी मुक्कामाची. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी. त्या वीस दिवसांत जो घरी आहे, किंवा नेहमी इथंच राहतो आणि थोडे दिवस तरी होता, किंवा २८ पर्यंत परतणार आहे, तो त्या घरचा. सगळेच दिवस बाहेर असलेला माणूस जिथं सापडेल तिथं मोजायचा. पहिल्या बाळंतपणाला जानेवारीतच माहेरी आलेली एक लेक मी आमच्या गावात लिहिली, तर तिच्या सासूचा फोन : "सून आमची, रेशनकार्डावर नाव आमच्याकडं, तुमच्यात कशी?" बाळ १ मार्चच्या पहाटे झालं. गणनेचा क्षण आदल्या मध्यरात्रीचा, त्यामुळं ते कुठल्याच गावात धरलं गेलं नाही. आजोबा अजून मला ऐकवतात.

रेशनकार्ड, मतदार यादी, जनगणना यांचं एकमेकांशी जुळलंच पाहिजे असं नाही, हे मलाही प्रशिक्षणातच कळलं. मतदार यादीला १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा. त्याचं विसावं कलम म्हणतं की गावात नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी होत नाही, आणि चार दिवस बाहेर गेला म्हणून रहिवास जातही नाही. सैनिकाला तर हा कायदा, नोकरी नसती तर तो जिथं राहिला असता, तिथलाच धरतो. म्हणजे आमच्या गावचा जवान शिरगणतीत छावणीतला आणि मताला गावातला. माझ्या मते हे बरोबरच आहे. धान्य, मत आणि डोकी एकाच मापानं मोजायची कशाला?

शेवटी राहिल्या कोप्या. गावाबाहेरच्या पडीक रानात बीडकडची ऊसतोड्यांची टोळी उतरली होती. दिवसा तिथं एखादं तान्हं आणि त्याला सांभाळणारी सात-आठ वर्षांची बहीण, बाकी सगळी फडात. म्हणून अंधार पडल्यावर गेलो. पाचटाची कोपी, आत वाकूनच जायचं. बाहेर तीन दगडांवर भाकरी चाललेली. नवरा-बायको, दीर-जाऊ आणि पोरं. कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, दोन, पण चूल एक. म्हणून कुटुंब एक.

"आमाला कशापायी लिहिताव?" भाकरी थापता थापता ती बाई म्हणाली. "आमचं घर तिकडं हाय. म्हातारी हाय ना घरी."

दिवाळीच्या सुमारास ती निघाली होती, पाडव्याच्या आसपास परतणार. तिच्या गावच्या प्रगणकाला त्या घरात एकच माणूस सापडणार, म्हातारी. ही सगळी आमच्यात.

"सायबा, मग घर कुणाचं म्हून लिहिलं?"

मी कागद कंदिलाकडं धरून दाखवला : कुटुंबप्रमुख तिचा नवरा, पोरांसकट माणसं नऊ. तिनं पिठाच्या बोटानं पोरं मोजली आणि मान हलवली. १ ते ५ मार्च फेरतपासणीची फेरी असते, तेव्हा पुन्हा गेलो, तर मुकादमानं टोळी दुसऱ्या फडावर नेलेली. एकदा मोजलेला माणूस नंतर हलला म्हणून खोडत नाहीत. तीन काळे दगड रानात होते, आणि ती नऊ माणसं आमच्या गावच्या आकड्यात.