यंत्र नाहीं, पण पत्ता आहे

सन १९६४ च्या एप्रिल महिन्यांत आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीनें 'सिस्टिम/३६०' ही संगणकांची मालिका जाहीर केली. त्या काळचा मेनफ्रेम संगणक म्हणजे एक यंत्र नव्हे, तो यंत्रांचा परिवारच होता. छिद्रांकित कार्डें वाचणारें यंत्र निराळें, छापणारें निराळें, चुंबकीय फीत फिरविणारें आणखी निराळें. आणि जाड तारांनीं हीं सारीं मध्यवर्ती यंत्राशीं जोडलेलीं. यांपैकीं कोणाशीं बोलावयाचें, हें आज्ञावलीस पत्त्यावरूनच सांगतां येई.

हा पत्ता व्यवहारांत तीन अंकी असे. पहिला अंक 'चॅनेल'चा, म्हणजे रस्त्याचा. पुढील दोन घराचे. मोजणी दहाऐवजीं सोळांची असल्यानें नवानंतर 'ए' पासून 'एफ' पर्यंत अक्षरें येतात, आणि एका रस्त्यावर २५६ घरें मावतात. कार्डवाचक ००सी येथें व छापयंत्र ००ई येथें, असा प्रघात पडला.

तीं यंत्रें आतां बहुतेक मोडींत गेलीं; त्यांच्यासाठीं लिहिलेल्या आज्ञावली मात्र उरल्या आहेत. त्या चालाव्यात म्हणून रॉजर बोलर यांनीं १९९९ सालीं 'हर्क्युलीस' हा एम्युलेटर, म्हणजे मेनफ्रेमची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली, तयार केला. तो घरगुती संगणकावर चालतो. त्याच्या मांडणीच्या फाईलींत प्रत्येक उपकरणास एक ओळ असते : आधीं पत्ता, मग यंत्राचा नमुना, मग आपल्या संगणकावरील एखाद्या फाईलीचें नांव. जुनी आज्ञावली ००ई कडे मजकूर धाडते; तेथें १४०३ जातीचें छापयंत्र दणदणत आहे अशी तिची समजूत. प्रत्यक्षांत तीं अक्षरें मुकाट्यानें एका फाईलींत जाऊन पडतात.

हें सोंग वठावें तर पत्ते चोख हवेत. एम.व्ही.एस. या कार्यप्रणालीच्या जुन्या आवृत्तींत कोणत्या पत्त्यावर कोणत्या जातीचें यंत्र, हें प्रणाली सिद्ध करतांनाच ठरून जाई. त्या जागीं दुसऱ्याच जातीची तबकडी मांडली तर ती प्रणालीच्या उपयोगीं पडत नाहीं. पत्त्यावर कांहींच नसेल तर यंत्र '३' हा संकेत परत करतें. अर्थ, 'येथें कोणी नाहीं.' म्हणून जुन्या फितींची नक्कल जपणाऱ्यानें पत्त्यांचा तक्ता जपला नाहीं तर त्यानें अर्धेंच काम केलें असें म्हणावें लागेल. पुढच्या माणसाच्या हातीं कुलूप येतें, किल्ली येत नाहीं.

वास्तविक कल्पित उपकरणांची ही युक्ति एम्युलेटरहून जुनी आहे. १९७२ च्या 'व्हीएम/३७०' या प्रणालींत एकाच खऱ्या मेनफ्रेमवर प्रत्येक वापरकर्त्यास स्वतःचा आभासी संगणक मिळे, आणि त्याची खाजगी तबकडी बहुधा १९१ या पत्त्यावर असे. वापरणारे शंभर असले तर १९१ हि शंभर! तरी घोटाळा होत नसे. कारण कोणाचा १९१ खऱ्या तबकडीच्या कोणत्या भागावर आहे, याची नोंद प्रणालीच्या सूचींत असे.

पुढें १९८० नंतरच्या दशकांत या संगणकांच्या नव्या रचनेनें पत्त्यांतून रस्ता काढूनच टाकला. उपकरणाचा क्रमांक चार अंकी झाला व केवळ नांवापुरता उरला. वाट यंत्रच शोधूं लागलें. हर्क्युलीसच्या नमुन्यादाखलच्या मांडणींत मात्र कार्डवाचक आहे त्याच घरीं राहतो. पाटीवर तेवढें एक शून्य वाढलें आहे : ०००सी.