मित्राच्या घरी बाळ आले, बाळंतविडा काय न्याल?

वाडीत कुणाच्या घरी बाळ जन्मले की आनंदाला तोटा नसतो. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, आणि दुसरीही मुलगीच झाली तर कधी कधी तीही नाही. हा पेढ्या-बर्फीचा भेद मनूने कुठे लिहून ठेवलेला नाही, पण वास मात्र त्याच पोथीचा येतो. ज्या पोथीची होळी २५ डिसेंबर १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, महाडला झाली, तिचा वास आपल्या मिठाईच्या खोक्यातून यावा, हे आम्हाला बरे वाटत नाही. पण आजचा आमचा विषय मिठाईचा नाही, त्यानंतर येणाऱ्या भेटीचा आहे.

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीने आपटा सोडले की जिते येते, मग हमरापूर, मग पेण. या पट्ट्यातल्या आपल्या बौद्धवाड्यांतून कामाला जाणारी माणसे आहेत. कुणी कंपनीत कंत्राटी, कुणी विटा-वाळूवर, कुणी हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाला. पेणच्या पापडावर हात चालवणाऱ्या भगिनीही आहेत. अशा घरचा मित्र बाप होतो, तेव्हा आपण काय नेतो? झालरीचा फ्रॉक, जो बाळाच्या अंगाला टोचतो आणि दोन महिन्यांत आखूड होतो. सेलवर वाजणारे खेळणे, ज्याचा सेल संपला की ते कपाटावर जाते. तेल-पावडरीचे चकचकीत खोके. किंवा ऐपत नसताना उसने घेऊन केलेली अर्ध्या ग्रॅमची अंगठी, जी पुढच्या अडचणीला सोनाराकडे जाते. आमच्या समाजात आणखी एक रीत पडली आहे, बाबासाहेबांची तसबीर भेट देण्याची. भावना मोठी आहे, तिचा आम्ही अनादर करत नाही. पण एका दहा बाय बाराच्या खोलीत सहा तसबिरी आम्ही मोजल्या आहेत, आणि त्याच खोलीत बाळावर घालायला मच्छरदाणी नव्हती.

मराठीत बाळंतविडा हा फार चांगला शब्द आहे. त्यात बाळ आहे आणि बाळंतीणही आहे. झबले-टोपडे बाळाला, डिंकाचे-आळिवाचे लाडू आईला. हळूहळू आपण बाळाचे तेवढे लक्षात ठेवले आणि आईला विसरलो. तेव्हा भेट नेताना पहिला विचार वहिनीचा करावा, असे आमचे मत आहे.

बाबासाहेबांना हे दुःख ऐकून माहीत नव्हते. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी त्यांची आणि माता रमाईंची चार लेकरे लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव तेवढे जगले. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याचे बिल चर्चेला आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढच्या वर्षी, १९२९ साली, मुंबई प्रांताचा तो कायदा झाला. देशभराचा कायदा १९६१ साली आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पण कागदावरचे २६ आठवडे रोजंदारीवरच्या बाईपर्यंत पोचत नाहीत. हजेरीवर नाव नसले तर रजा कशाची? गणपतीचा हंगाम तोंडावर आला की सव्वा महिन्याची बाळंतीण पुन्हा रंगाच्या डब्याशी बसलेली दिसते. तिच्या एका महिन्याच्या विश्रांतीला हातभार लागेल अशी भेट खरी.

म्हणून खाण्यापासून सुरुवात करू. शेर-दोन शेर नाचणी, आळीव, खारीक, शेंगदाणे, गूळ, डझनभर अंडी, आणि आपल्या भागात मिळणारा स्वच्छ निवडलेला सुका जवळा. एवढे एका पिशवीत घालून नेले तर अंगठीच्या दहाव्या हिश्शातही खर्च येत नाही. काही घरांत बाळंतिणीला नुसता भात आणि कढीवर ठेवतात, हे बाधते ते बाधते म्हणून. डाळ, अंडी, मासळी, पालेभाजी यांनी दूध बिघडत नाही. उलट बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला तेच हवे असते. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या डब्यात तशाच पडलेल्या असतात. त्यांची आठवण करून देणे हीसुद्धा भेटच.

बाळासाठी नवे कापड हवेच असे नाही. आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची चार दुपटी शिवून, उकळून, उन्हात वाळवून नेली तर त्यासारखे मऊ काही बाजारात नाही. मोठी घडीची मच्छरदाणी मात्र नवी घ्यावी. खाचरात आणि खाडीच्या कडेला पाणी साचते, पावसाळ्यात डासांचे राज्य असते.

आता काय नेऊ नये ते सांगतो. दुधाची पावडर नेऊ नये आणि दुधाची बाटलीही नेऊ नये. १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करण्यास बंदी आहे, त्यांचा खप वाढवण्यासाठी आईला फुकट नमुने आणि भेटवस्तू देण्यासही बंदी आहे. कंपन्यांना जे कायद्याने मना केले, ते आपण हौसेने का करावे? बाळ जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजावे आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, पाणीसुद्धा नाही, मध नाही, घुटी नाही. काजळाची डबी नेऊ नये, काजळाने डोळ्यांत जंतू जातात आणि काही काजळांत शिसे सापडते. काळा दोरा, मनगट्या, दृष्टमणी हे तर आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी मागे टाकून आलो. नाळेवर हळद, राख, तेल लावण्याचा सल्लाही भेट म्हणून नेऊ नये. असल्या सल्ल्यांचा पुरवठा आपल्याकडे भरपूर आहे.

सटवाईचे थोडे बोलले पाहिजे. अजूनही काही घरांत पाचवीच्या नाहीतर सहावीच्या रात्री पाट्याजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असा समज आहे. सकाळी कागद कोराच असतो. आम्ही आयुष्यभर कागदांत बसलेली माणसे आहोत, आम्हाला ठाऊक आहे की बाळाचे पुढचे पुष्कळसे काही खरोखरच एका कागदावर अवलंबून असते. पण तो कागद सटवाईकडे मिळत नाही, तो जन्ममृत्यू निबंधकाकडे मिळतो.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. नोंद बाळ जिथे जन्मले तिथे होते, घर जिथे आहे तिथे नाही. पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि मग जित्याचा बाप जित्याच्या ग्रामपंचायतीत चकरा मारतो, नोंद असते दुसऱ्याच तालुक्यात. नाव ठरले नसले तरी नोंद करून घ्यावी, नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. त्यानंतर विलंब शुल्क पडते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदारयादी, लग्ननोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. शाळेत पाच-सहा वर्षांनी अंदाजे तारीख सांगून नाव घालण्याचे दिवस गेले. आपल्यातल्या निम्म्या वडीलधाऱ्यांचा वाढदिवस १ जून आहे, तो गुरुजींच्या कृपेने.

जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना कितीतरी घरांची दमछाक आम्ही पाहिली आहे. कोतवाल बुकातली एक ओळ सापडावी म्हणून पोरे तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. पणजोबांच्या जन्माची नोंद कुणी केली नाही, त्याची किंमत पणतू मोजतो. म्हणून आमची आवडती भेट आहे एक जाड पुठ्ठ्याची फाईल, प्लॅस्टिकच्या कप्प्यांची. शंभर-सव्वाशे रुपयांत पेणच्या बाजारात मिळते. तिच्यावर बाळाचे, आईचे, बापाचे पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहावे. पहिल्या कप्प्यात दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, दुसऱ्यात जन्मदाखला, तिसऱ्यात माता-बाल संरक्षण कार्ड. आणि नुसती फाईल देऊन येऊ नये, मित्राबरोबर नोंद करायला एक चक्कर मारावी. मराठी आणि इंग्रजी नावाची अक्षरे तिथेच तपासून घ्यावीत. एका जादा अक्षरापायी पुढे प्रतिज्ञापत्रे करावी लागतात.

नावाचा विधी भारतीय बौद्ध महासभेच्या बौद्धाचार्यांकडून त्रिशरण-पंचशील घेऊन साधेपणाने होतो. त्याला मंडप आणि डीजे लागत नाही. सुजाता, विशाखा, संघमित्रा, राहुल, मिलिंद, नावांची आपल्याकडे वाण नाही.

हे पैशाचेही काम आहे. अनुसूचित जातीच्या आईला ग्रामीण भागात दवाखान्यात बाळंत झाल्यावर जननी सुरक्षा योजनेतून ७०० रुपये मिळतात. मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५ हजार, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. राज्याने २०२३ साली लेक लाडकी योजना आणली. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला, घरचे रेशनकार्ड पिवळे किंवा केशरी असेल आणि अटी पुऱ्या होत असतील, तर जन्मल्यावर ५ हजार, पुढे पहिलीत, सहावीत, अकरावीत टप्प्याटप्प्याने आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. आशाताई आणि अंगणवाडीताई यांना विचारावे, त्यांना फॉर्म ठाऊक असतो. मित्र दिवसपाळीला असेल तर त्याच्या वतीने चौकशी करणे, झेरॉक्स काढणे, हा बाळंतविडा कोणत्याही अंगठीला भारी आहे. मुलीच्या नावाने पोस्टात सुकन्या समृद्धी खाते २५० रुपयांत उघडते. खाते आईबापांनीच उघडायचे, पहिला हप्ता आपण द्यावा. पण दरवर्षी किमान २५० रुपये भरावे लागतात, हेही त्यांना सांगून ठेवावे, नाहीतर उत्साहाने उघडलेले खाते दंडात जाते.

ही कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. फिनलंड नावाच्या थंड देशात १९३८ पासून गरीब मातांना सरकार एक पेटी देऊ लागले. आत बाळाचे कपडे, पांघरूण, आणि रिकामी पेटी म्हणजेच बाळाचा पहिला बिछाना. १९४९ पासून ती सगळ्या मातांना मिळू लागली, गरीब-श्रीमंत न पाहता. अट एकच, आईने गरोदरपणी वेळेवर दवाखान्यात तपासणीला यायचे. भेटीच्या ओढीने बाई डॉक्टरपर्यंत गेली. आपल्या राज्यानेही २०१९ साली सरकारी दवाखान्यात पहिलटकरणींसाठी बेबी केअर किटची योजना काढली. दवाखान्यात असताना त्याची विचारणा जरूर करावी. विचारले नाही तर आपल्याला आपणहून कोण देणार?

लसीचेही तसेच. जन्मतःच बीसीजी, कावीळ ब आणि पोलिओचा डोस, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी, मग नऊ महिन्यांनी गोवर-रुबेला. सगळे सरकारी केंद्रात फुकट. एका भिंतीच्या कॅलेंडरवर त्या तारखांना लाल गोल करून ते कॅलेंडर भेट द्यावे. बाळाचे वजन जन्मतः अडीच किलोच्या आत भरले असेल तर पाहुण्यांनी जरा दूरच राहावे. सर्दी-खोकला असेल तर भेट उंबऱ्यावर ठेवून परत फिरावे, वहिनींना राग येणार नाही. घरात गेलात तर आधी हात धुवावेत, बाळाचे मुके घेऊ नयेत, आणि चहाची वाट पाहत तासभर बसू नये.

थोरल्या मुलीसाठी काहीतरी न्यायला विसरू नये. सगळे बाळाभोवती जमतात आणि ती दारात बोट चोखत उभी असते. तिला चित्रांचे पुस्तक आणि खडूची पेटी द्यावी.

ज्यांच्या हाताशी पैसेच नाहीत, त्यांनी दिवस द्यावा. पाच-सहा घरांनी मिळून महिनाभराची पाळी लावता येते. सोमवारी पाणी कोण भरणार, मंगळवारी थोरलीला अंगणवाडीत कोण सोडणार, बुधवारी बाळंतिणीची धुणी कोण धुणार. यात पुरुषांची नावेही लिहावीत, पाणी भरायला लुगडे नेसावे लागत नाही. विहारातल्या फळ्यावर वर्षावासात ग्रंथवाचनाच्या पाळ्या लिहितात, त्याच फळ्याच्या एका कोपऱ्यात ही यादी बसते.