वाढती बाजारपेठ आणि दैनंदिन सोयी

एखाद्या शहराची बाजारपेठ भरभराटीस आली, असे आपण केव्हा म्हणतो? जुने वाडे जाऊन त्या जागी व्यापारी संकुले उभी राहिली, काचेच्या दर्शनी भागांची दुकाने थाटली गेली, जागेचे भाव चढले, की पेठ वाढली असे सर्वजण मानतात. या खुणा खऱ्या आहेत. परंतु त्या जागामालकाच्या आणि विक्रेत्याच्या बाजूच्या आहेत. ग्राहकाचे प्रश्न निराळे असतात. वाहन कोठे उभे करावयाचे? पदपथावरून चालता येईल काय? आठवड्याची भाजी याच फेरीत घेता येईल काय? बरोबरच्या वृद्धांना घटकाभर बसण्यास जागा मिळेल काय आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे काय? या दुसऱ्या प्रकारच्या सोयींपासून कोणासही भाडे मिळत नाही. म्हणूनच त्या आपोआप निर्माण होत नाहीत. त्या योजाव्या लागतात, आणि व्यापारी बांधकामाबरोबरच, किंबहुना त्यापूर्वी, योजाव्या लागतात. पश्चिम महाराष्ट्रातील कोल्हापूर या मध्यम आकाराच्या शहराच्या उदाहरणावरून ही गोष्ट स्पष्ट होईल.

पेठांची आखणी

कोल्हापूरची जुनी वस्ती अंबाबाईचे मंदिर, जुना राजवाडा आणि भवानी मंडप यांच्या भोवती वाढली. महाद्वार रोड, सराफांची गुजरी, चप्पलांची दुकाने, कपिलतीर्थ मंडई ही सर्व याच परिसरात आहेत. देवदर्शनास आलेला माणूस बाजार करून परत जातो, या क्रमावर येथील व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली आणि मालाची ने-आण वाढली. तिची सोय जुन्या अरुंद रस्त्यांवर होण्यासारखी नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी स्थानकाजवळ शाहूपुरी ही स्वतंत्र पेठ वसविली. सरळ गल्ल्यांची आखणी करून गाड्यांना व वखारींना जागा दिली गेली. पुढे लक्ष्मीपुरी आणि राजारामपुरी वसल्या.

या इतिहासातून घ्यावयाचा बोध सोपा आहे. व्यापार वाढणार हे दिसताच त्यासाठी आधी रस्ता आणि मोकळी जागा आखली गेली. दुकाने त्यानंतर आली. आजही याच क्रमाने काम होणे आवश्यक आहे. फरक इतकाच, की मध्यवस्तीत आज नवी पेठ वसविण्याइतकी मोकळी जमीन नाही. जी जागा आहे तिचाच योग्य वापर करावयाचा आहे.

मध्यवस्तीवरील भार

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची. १९७२ साली तिची महानगरपालिका झाली. शहराचे क्षेत्र सुमारे ६६.८२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५ लाख ४९ हजार होती. त्याच जनगणनेत संपूर्ण जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार भरली. याचा अर्थ असा, की जिल्ह्यातील दर सात माणसांपैकी केवळ एक शहरात राहतो. परंतु लग्नाचा बस्ता, दागिने, यंत्रांचे सुटे भाग, औषधे आणि शाळा-महाविद्यालयांची पुस्तके यांसाठी उरलेल्या सहांनाही शहराच्या बाजारपेठेतच यावे लागते. त्यात परगावचे भाविक मिळवावेत. नवरात्रात तर महाद्वार रोडवर पाऊल ठेवण्यास जागा मिळत नाही.

यास्तव सोयींचा हिशेब केवळ रहिवाशांच्या संख्येवरून मांडणे अपुरे ठरते. एस. टी.ने किंवा वडापच्या जीपने सकाळी आलेले खेड्यातील कुटुंब दिवसभर बाजारात असते. शहरातील माणसाला घर जवळ असते. या कुटुंबाला पाणी, सावली आणि स्वच्छतागृह बाजारातच मिळावे लागते.

तळघरात गाळे झाल्यास

व्यापारी इमारतीचा नकाशा मंजूर करताना दुकानांच्या क्षेत्राच्या प्रमाणात वाहने उभी करण्याची जागा दाखवावी लागते. मध्यवस्तीतील लहान भूखंडावर ही जागा बहुधा तळघरात अथवा तळमजल्यावर दाखविली जाते. इमारत पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मिळते, आणि कित्येकदा त्यानंतर त्याच जागेत गोदाम किंवा गाळे सुरू होतात. मालकास भाडे मिळते; ग्राहकाची वाहने मात्र रस्त्यावर येतात. वाहने रस्त्यावर आली की पादचारी पदपथाकडे वळतो. तेथे दुकानाचा माल मांडलेला असतो, म्हणून तो पुन्हा रस्त्याच्या मध्यावर येतो. वाहतुकीची कोंडी म्हणतात ती अशी एका मागून एक निर्माण होते. अशा बेकायदा वापराविरुद्ध नोटीस देऊन जागा पूर्ववत करून घेण्याचे अधिकार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ व ५३ अन्वये नियोजन प्राधिकरणास आहेत.

कोल्हापुरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पाणी या पातळीच्या कितीतरी वर गेले आणि जयंती नाल्याच्या काठाने शाहूपुरी व लक्ष्मीपुरीच्या भागांत शिरले. तळघरात वाहन असेल तर पुराचा इशारा मिळताच ते बाहेर काढता येते. तळघरात कापडाचे किंवा धान्याचे दुकान असेल तर तो माल रातोरात हलविणे दुकानदारास अशक्य होते. नकाशातील वाहनतळ वाहनतळच राहिला, तर त्यात व्यापाऱ्याचेही हित आहे.

अग्निसुरक्षेचेही असेच आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अशा इमारतींतील यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, सादर करावयाचे असते. जिन्याखाली खोकी रचून ठेवलेली असतील, तर केवळ प्रमाणपत्राने जीव वाचत नाही, हे दुकानदारांनी लक्षात ठेवावयास हवे.

आरक्षणाची मुदत

शहराच्या विकास योजनेत मंडई, वाहनतळ, उद्यान, दवाखाना यांसाठी भूखंड आरक्षित केलेले असतात. आरक्षण म्हणजे ताबा नव्हे, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ नुसार विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली न गेल्यास आरक्षण व्यपगत होते. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. त्याची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवणे योग्य नव्हे. परंतु बाजारपेठेतील एक आरक्षण हातचे गेले, की त्या भावाने तेथे दुसरी जागा मिळणे जवळजवळ अशक्य होते.

रोख रक्कम देऊन भूसंपादन करणे हाच एक मार्ग आहे, असे नाही. जमिनीच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क देता येतो. मध्यवस्तीत विशेष उपयोगी पडणारा आणखी एक मार्ग म्हणजे समावेशक आरक्षण. यात मालकाने भूखंडाच्या ठरावीक भागावर मंडई किंवा वाहनतळ स्वखर्चाने बांधून तो महापालिकेकडे विनामूल्य सोपवावयाचा आणि उरलेल्या भागावर आपले बांधकाम करावयाचे असते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व अन्य काही क्षेत्रे वगळून राज्यभर लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत याविषयी सविस्तर तरतुदी आहेत. खाली भाजीचे ओटे, वर दुकाने आणि कार्यालये, अशी इमारत या मार्गाने उभी राहू शकते. मात्र हस्तांतरणाच्या वेळी ओट्यांना उजेड, पाणी आणि सांडपाण्याची वाट आहे की नाही, हे प्रत्यक्ष जाऊन पाहिले पाहिजे. अंधाऱ्या कोपऱ्यातील ओटा रिकामाच राहतो आणि भाजीवाली पुन्हा रस्त्यावर बसते.

पथविक्रेत्यांचे स्थान

नवी संकुले उभी राहिली, की पहिली तक्रार हातगाडी आणि पथारीवाल्यांविरुद्ध होते. परंतु कोथिंबिरीची जुडी, फुलांचा गजरा किंवा देवीची ओटी घेण्यासाठी कोणी व्यापारी संकुलाचा जिना चढत नाही. लक्ष्मीपुरीत रविवारच्या आठवडी बाजाराला येणाऱ्या खेड्यातील शेतकऱ्याचा माल मोठ्या गाळ्याचे भाडे सोसू शकत नाही. हे विक्रेते बाजारपेठेचे अंग आहेत.

पथविक्रेता अधिनियम, २०१४ ने हा विषय दयेचा न ठेवता नियोजनाचा केला. या कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती स्थापन करावयाची असून तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले आणि त्यांतील किमान एक-तृतीयांश स्त्रिया असावयास हव्यात. दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण करावयाचे असते. ते पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विद्यमान विक्रेत्यास हटविता येत नाही. सामावून घ्यावयाच्या विक्रेत्यांची मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्के आहे. २०११ ची लोकसंख्या धरल्यास कोल्हापूरसाठी ही संख्या सुमारे १३ हजार ७०० होते. पन्नासहून अधिक वर्षे चालत आलेल्या नैसर्गिक बाजारांस वारसा बाजार म्हणून संरक्षण देण्याचीही तरतूद आहे. विक्रेत्यांना नेमून दिलेली जागा, पादचाऱ्यांना मोकळा पदपथ आणि दुकानदारांना मोकळे दार, ही तीनही हिते एकाच आराखड्यात बसविणे हे समितीचे काम आहे. समितीच्या बैठकाच झाल्या नाहीत, तर हा प्रश्न पुन्हा रस्त्यावरील वादावादीने सोडविला जातो आणि त्यात दुबळ्याचेच नुकसान होते.

एक दुर्लक्षित सोय

सार्वजनिक स्वच्छतागृहे आणि बाजार बांधणे व त्यांची देखभाल करणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये महापालिकेचे आवश्यक कर्तव्य आहे, ऐच्छिक नव्हे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही रस्त्यावरील दिवे, वाहनतळ, बसथांबे आणि सार्वजनिक सोयी हा स्वतंत्र विषय आहे. तरीही बहुतेक शहरांच्या मध्यवस्तीत स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे अपुरी आढळतात. परिणामी बाजारास जाणाऱ्या अनेक स्त्रिया सकाळपासून पाणी पिण्याचेच टाळतात. ही केवळ गैरसोय नव्हे. तो आरोग्याचा प्रश्न आहे. दुकानात काम करणाऱ्या मुलींची अडचण तर रोजची असते. येथे बांधकामापेक्षा देखभाल अधिक महत्त्वाची आहे. पाणी, दिवा, आतून लागणारी कडी आणि नेमलेला कर्मचारी या चार गोष्टी नसतील, तर नवी इमारत काही महिन्यांतच कुलूपबंद होते.

खर्चाची तरतूद

या सोयींचा खर्च कोणी सोसावयाचा, हा रास्त प्रश्न आहे. पूर्वी शहरात माल आला की जकात मिळे आणि व्यापाराबरोबर नगरसंस्थेचे उत्पन्नही वाढे. जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्याकडून भरपाईचे अनुदान मिळू लागले. आता वाढत्या बाजारपेठेचा थेट स्थानिक लाभ मुख्यतः मालमत्ता कर, विकास शुल्क आणि महापालिकेच्या गाळ्यांचे भाडे या वाटांनी येतो. जुन्या गाळ्यांचे भाडे वर्षानुवर्षे तेच राहिले, किंवा वाढीव बांधकामाची करआकारणी झाली नाही, तर सोयींसाठी पैसा उरत नाही.

कोल्हापूरच्या नागरिकांनी शहरांतर्गत रस्त्यांवरील पथकराविरुद्ध दीर्घ आंदोलन केले आणि २०१५ च्या अखेरीस तो रद्द करण्याचा निर्णय झाला. या घटनेवरून इतके निश्चित दिसते, की सोयीच्या मोबदल्याची पद्धत लोकांना आधी पटवून द्यावी लागते. बाजारातून मिळालेल्या करातील किती रक्कम बाजारातच खर्च झाली, हे दरवर्षी जाहीर केल्यास कर देणाऱ्याचा विश्वास वाढेल.

गावांनी घ्यावयाची दखल

हा विषय केवळ महानगरपालिकांचा नाही. तालुक्याच्या ठिकाणी एस. टी. स्थानकाच्या रस्त्यावर आणि मोठ्या गावांच्या तिठ्यांवर आज गाळ्यांच्या रांगा उभ्या राहत आहेत. शहराने ज्या अडचणी पन्नास वर्षांत ओढवून घेतल्या, त्या येथे दहा वर्षांत निर्माण होऊ शकतात. आठवडी बाजाराची जागा आजच मोजून, तिच्या हद्दी कायम करून, दप्तरात नोंद करणे. नव्या गाळ्यांपुढे वाहनांसाठी जागा सोडविणे. बाजारतळावर पाणी व स्त्रियांचे स्वच्छतागृह बांधणे ही कामे पंचायतीच्या आवाक्यातील आहेत आणि जमिनीचे भाव चढण्यापूर्वी ती स्वस्तातही होतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपल्या बाजाराचा साधा नकाशा करून घ्यावा. कोठे चालता येत नाही, कोठे सावली नाही, कोठे सांडपाणी साचते, हे मुलांच्या नजरेस चटकन येते, आणि असा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवण्यास उपयोगी पडतो.

बाजारपेठ ही सर्वांच्या येण्यामुळेच बाजारपेठ होते. डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या शेतकरी स्त्रीस जेथे चालण्यास, बसण्यास आणि विकण्यास जागा मिळते, तेथे काचेच्या दुकानासही ग्राहकाची वाण पडत नाही.