सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकृती : उपचारकाची निवड
सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकृतीत परित्यागाचे भय, भावनांची तीव्र आंदोलने व आत्मघाताची प्रवृत्ती आढळते. औषधे येथे साहाय्यक होत. मुख्य उपचार संवादाचा. मार्शा लिनेहान यांनी १९९३ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या द्वंद्वात्मक वर्तनोपचारात साप्ताहिक भेट व कौशल्यांचे गटशिक्षण ही प्रमुख अंगे आहेत. महाड-पोलादपूरच्या रुग्णास ठाणे वा रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालय गाठावयाचे तर दिवस मोडतो. भेटी खंडित झाल्या, की या रुग्णास तो परित्यागच वाटतो. यास्तव उपचारकाच्या कीर्तीपेक्षा त्याचे प्रशिक्षण, भेटींचे सातत्य व संकटकाळची व्यवस्था यांची आधी विचारणा करावी. भेट अशक्य असता दूरध्वनीवरील नियमित सत्रही स्वीकारावे. २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ (१४४१६) सेवा तातडीस उपयुक्त खरी. परंतु ती नित्याच्या उपचारकाची जागा घेऊ शकत नाही.